मागच्या खोलीतला एसी

टाकेबाईच्या घराला सहा चाकं होती, आणि गेले चौदा महिने त्यातलं एकही हललं नव्हतं.

घर म्हणजे शाळेची जुनी बस. नवरा वायरमन, ती शिवणकाम करणारी. जन्मभर त्यानं भिंतीत तारा ओढल्या आणि तिनं कापडात दोरे. हातपाय थकायच्या आत चार मुलखांचं पाणी पिऊन येऊ म्हणून दोघांनी ही बस घेतली, आतली बाकं उपटून टाकली, पुढं ओटा केला, मधे शिलाई मशीन बसवलं आणि मागं झोपायची खोली केली. नातेवाईक म्हणाले, म्हातारचळ लागलाय. "असेल," टाकेबाई म्हणाली, "पण आमच्या चळाला चाकं तरी आहेत. तुमच्याला काय आहे?" अशी तिची जीभ. कुणाचं काही उसवलं की दोन टाके घालून द्यायची आणि वर चार शब्द सुनवायची. त्यावरूनच नाव पडलं.

चार वर्षं दोघं मनसोक्त हिंडली. मग एका सकाळी तो तोंड धुवायला उठला आणि ओट्याशीच कोसळला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एका दमात गेली. तेव्हापासून बस इस्पितळाजवळच्या ह्या घरगाड्यांच्या तळावर उभी होती आणि वायरमन मागच्या खोलीत लोखंडी खाटेवर आडवा होता.

उरलं काय होतं? डोळे होते. आणि डावा हात. त्या डाव्या हातानं तो स्वतःच्या तोंडात चमचा घालायचा, खाटेची कड थोपटून तिला हाक मारायचा, आणि मुख्य म्हणजे टेप धरायचा. कापड मापायचं असलं की टाकेबाई टेपचं टोक त्याच्या बोटांत द्यायची, "धरा हो, सोडू नका," म्हणायची आणि दुसरं टोक घेऊन मशीनपर्यंत जायची. खरं तर तिला त्याची काही गरज नव्हती. कापड मापायला नवरा लागत नाही. पण तो असा घट्ट धरायचा ते टोक की तिला वाटायचं, अजून संसार दोघांचा आहे.

आणि ह्या उन्हाळ्यानं तेवढंही काढून घ्यायचं मनावर घेतलं होतं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. "त्यांच्या अंगाला आता घाम फुटत नाही. खोली तापली की तेही तापतात, आणि मग आकडीचा झटका येतो. मागच्या महिन्यात आला तसा आणखी एक आला तर आहे तेही जाईल. सव्वीस अंशांच्या वर खोली जाऊ देऊ नका." टाकेबाईनं त्याच दिवशी भिंतीवर तापमापी टांगली. त्या दिवसापासून तिला ना झोप ना भूक. बघावं तेव्हा तिची मान भिंतीकडे.

बसला एसी होता, नाही असं नाही. पण तो पुढं, ओट्याच्या डोक्यावर. त्याचा वारा मशीनपर्यंत यायचा आणि तिथंच दम टाकायचा. तिनं काय काय नाही केलं! बसमधल्या बोळात पंखा लावला. खिडक्यांना ओल्या चादरी बांधल्या. काचांवर चंदेरी कागद चिकटवला. गादी ओढत पुढं आणून दोन दिवस त्याला जमिनीवर ठेवलं, तर पाठीला फोड आले आणि तिची कंबर धरली. खाट पुढं आणावी तर ती बोळातून वळत नव्हती. आत घेतानाच मागचं दार काढावं लागलं होतं आणि चार माणसं लागली होती. आता चार माणसं आणायची कुठून? उन्हाला कंटाळून ओळीतल्या बाकीच्या गाड्या केव्हाच थंड गावांकडे पळाल्या होत्या. पळणाऱ्यांना पळता येत होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

शेवटी तिनं एसीवाल्याला बोलावलं. मागच्या खोलीच्या छतावर दुसरा एसी बसवायचा, बस्स.

एसीवाला चाळिशीतला, बोलका, घाईतला माणूस. त्या आठवड्यात त्याच्यामागं गावभर बोलावणी होती. सकाळी आठाला आला, खांबावरची पेटी उघडली आणि डोकं खाजवलं. प्रत्येक गाडीशेजारी असा एक लोखंडी खांब होता, त्यावर पेटी, पेटीत दोन सॉकेट, एक मोठं आणि एक लहान. मोठ्या सॉकेटातून बसला वीज येत होती.

"काकू, ह्या एका केबलवर दोन एसी चालायचे नाहीत. पुढचा एकटाच सगळी वीज ओढतो. मागच्याला वेगळी केबल पाहिजे, ती ह्या लहान सॉकेटात लावू."

तळाचा राखणदार तिथंच उभा होता. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, नियम म्हणजे जीव की प्राण. "एका गाडीला एक केबल, वहिनी. पाटी लावलीय."

"पाटी मीही वाचलीय. तुमच्या ऑफिसचे पडदे कुणी शिवले, तेही त्या पाटीवर लिहा."

"तसं नव्हे हो..."

"मग कसं? आत येऊन बघा भाऊ. त्यांच्या कपाळाला हात लावा आणि मग नियम सांगा."

राखणदार आत गेला नाही. खांबाकडे बघत म्हणाला, "लावा. पण एक सांगून ठेवतो. सगळ्या ओळीची वीज तोडणारा खटका ह्याच पेटीत आहे, तो म्हातारा झालाय. एकदा पडला तर उचलू. दुसऱ्यांदा पडला तरी उचलू. तिसऱ्यांदा पडला तर मात्र लाइनमन आल्याशिवाय उठायचा नाही, आणि लाइनमन उद्याच्या आधी येत नाही."

"पडतोय कशाला?" एसीवाला म्हणाला. "केबल मात्र छतातून ओढायला अर्धा दिवस जाईल."

इथं टाकेबाईचा चेहरा उजळला. "ओढलेलीच आहे! बस बांधतानाच ह्यांनी ओढून ठेवली. पुढंमागं लागेल म्हणाले. एक टोक खाटेवरच्या झरोक्यात गुंडाळलंय, दुसरं बाहेर ह्या झाकणाआड."

"वा! काकांना मानलं पाहिजे."

एसीवाल्यानं छताचा झरोका कापून मोठा केला, त्यानं आणि राखणदारानं दोराला बांधून एसी वर चढवला. ह्यात साडेअकरा वाजले. छताला भोक, त्यातून ऊन सरळ खाटेच्या पायथ्याशी. तापमापी तिसावर. टाकेबाई ओल्या फडक्यानं नवऱ्याचं अंग पुसत होती आणि तो डोळे वर लावून एसीवाल्याचे हात बघत होता. दुसऱ्या कुणाला काय बघतोय ते कळलं नसतं. पण आयुष्यभर तारा जोडलेला माणूस दुसऱ्याला तारा जोडताना बघतो ती नजर तिला ठाऊक होती, आणि तिला बरंही वाटत होतं.

एसीवाल्यानं झरोक्यातली केबल खाली ओढली. तीन तारा: लाल, काळी, हिरवी. तिन्हींच्या टोकांना मेणाच्या दोऱ्याचे तुकडे घट्ट बांधलेले.

"हे काय दोरे-बिरे? वायरिंग कुणी केलंय?"

"ह्यांनीच की. तेहतीस वर्षं केलंय. डोळे झाकून जोडा."

एसीवाल्यानं पकडीनं तिन्ही टोकं छाटली, नवी तार सोलून काढली. दोरे खाली पडले. खाटेवरून घशातला आवाज आला, "अं! अं!" टाकेबाईनं दोऱ्यांकडे बघितलं. तोंड उघडलं आणि मिटलं.

आता ती गप्प का बसली ते सांगायला हवं, कारण सगळं तिथंच फसलं.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिनं नवऱ्याला म्हटलं होतं, "ते लाल रीळ द्या बरं." त्यानं हिरवं दिलं. तिला वाटलं थट्टा करतोय. पुन्हा मागितलं तर पुन्हा हिरवंच. मग तो खाली बसला आणि म्हणाला, "मला लाल आणि हिरव्यातलं कळत नाही. दोन्ही मातीसारखे दिसतात. कुणाला सांगू नकोस. परवाना जाईल." डोळ्यांच्या तपासणीचा तक्ता त्यानं आधी कुणाकडून तरी पाठ करून घेतला होता. आणि काम? काम टेस्टर लावून, दहादा तपासून, रात्र रात्र जीव मुठीत धरून. वायरमनला रंग दिसत नाहीत म्हणजे शिंप्याला सुईचं भोक दिसत नाही म्हणण्यातलाच प्रकार.

तेव्हा तिनंच युक्ती काढली. मेणाचा दोरा घ्यायचा, त्याला गाठी मारायच्या. एक गाठ म्हणजे फेज, जिच्यात करंट असतो ती, एरवीची लाल. दोन गाठी म्हणजे न्यूट्रल, करंट परत नेणारी, काळी. तीन म्हणजे अर्थिंग, पत्र्याला आणि जमिनीला जोडायची, हिरवी. तार एकदा तपासली की दोरा बांधायचा. मग रंग बघायलाच नको, बोटांनी कळतं. तेहतीस वर्षं रोज संध्याकाळी ती गाठींचे दोरे करून त्याच्या डबीत भरायची. कामावरचे लोक चिडवायचे, "तारांना ताईत बांधतो काय रे?" तो हसायचा. एकही जोड चुकला नाही. एकाही घरात कुणाला झटका बसला नाही. आणि हे गुपित त्या दोघांखेरीज कुणालाही कळलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता परवाना कसला नि काय कसला! माणूस खाटेला खिळलेला, त्याला कोण जाब विचारणार होतं? पण तेहतीस वर्षांची सवय जाते थोडीच. परक्या माणसासमोर, त्यातून त्याच्याच धंद्यातल्या माणसासमोर, तो ऐकत असताना कसं म्हणायचं की ह्यांना रंग दिसत नाहीत? बोलता येत नाही, उठता येत नाही, अब्रू तेवढी उरलीय. तिनं मनाशी म्हटलं, केबल बाजारातली आहे, रंग बरोबरच असणार. आणि केरभरणीत घेऊन ते दोरे, स्वतःच्या हातांनी गाठी मारलेले, तिनं कचऱ्यात टाकले.

बारा वाजता एसीवाल्यानं बाहेरच्या टोकाला प्लग लावला आणि तो लहान सॉकेटात खुपसला.

फाट!

ओळीचा खटका पडला. मागचा एसी सुरूच झाला नाही आणि पुढचाही बंद पडला. फ्रिज, पंखा, सगळं गप्प. आधी होता तो वाराही गेला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

"सुरू होताना जरा जास्त ओढतो," एसीवाला म्हणाला. "भाऊ, उचला खटका. पुढचा एसी बंद ठेवून बघू."

राखणदारानं खटका उचलला. पुन्हा प्लग. पुन्हा फाट! ह्या वेळी पेटीतून जळका वासही आला. राखणदारानं हात मागं घेतला. "आता वीस मिनिटं हात लावायचा नाही. निवू दे. आणि तिसरी वेळ शेवटची हं, वहिनी. मग मी काय करू शकत नाही."

टाकेबाई धावत आत गेली. चौतीस. पत्र्याची बस, माथ्यावर ऊन, आत हवा हलत नाही. नवऱ्याचा चेहरा तांबडालाल. त्याच्या डाव्या हाताचं बोट उशीच्या अभ्र्यात अडकलेलं, शिवण ओरबाडत होतं.

"अहो, उसवू नका ना! आता काय अभ्राही शिवत बसू?" तिनं त्याचा हात बाजूला केला. फडकं बुचकळलं, कपाळावर ठेवलं. पाणी कोमट होतं. बर्फ केव्हाच संपला होता. त्यानं पुन्हा बोट अभ्र्यात घातलं. "अं. अं. अं."

तिनं ॲम्ब्युलन्सला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, आज सगळीकडून असेच फोन आहेत, दीड तास लागेल. "दीड तासात काय राहील गं बाई?" टाकेबाई म्हणाली आणि फोन ठेवला. डॉक्टरीणबाईंचा फोन लागेना. राखणदाराच्या ऑफिसात न्यावं तर तिथं नुसता पंखा, आणि तोही आता बंद. उचलणार कोण, तिघं? बोळातून वळवणार कसं? ती खोलीत तीनदा पुढं गेली, तीनदा मागं आली. छत्तीस.

"काहीतरी करा हो," ती एसीवाल्याला म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. ह्या बाईनं जन्मात कुणापुढं पदर पसरला नव्हता. "पाया पडते तुमच्या. काहीही करा, पण वारा सुरू करा."

एसीवाला बाहेर गेला, पेटी बघून आला. घामानं त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "काकू, दोष खटक्याचा आहे. कमजोर झालाय. मी त्याला वगळून केबल सरळ लाइनला जोडतो. मग पडायला काही राहणारच नाही. एवढी दुपार निभावून नेऊ."

"असं चालतं?"

"चालत नाही. पण अडला हरी..."

राखणदारानं पाठ फिरवली. "मी जेवायला गेलोय असं समजा," तो म्हणाला. नियमांवर जीव टाकणारा माणूस तो. त्याच्या तोंडून हे ऐकून टाकेबाईला रडूच कोसळायचं बाकी राहिलं.

"जोडा," ती म्हणाली.

एसीवाला स्क्रू काढायला लागला. ती आत येऊन खाटेच्या कडेवर बसली, लोखंडी दांडा धरून. सदतीस. नवऱ्याचा श्वास आता वरवर चालला होता. तोंडात काहीतरी होतं. "काय चावताय? काय घातलंत तोंडात?" तिनं वाकून बघितलं. अभ्र्यातून ओढलेला हातभर दोरा. एक टोक दातांत धरलेलं, दुसरं डाव्या हाताच्या बोटांत, आणि अंगठ्यानं तो कशात तरी ओवायचा प्रयत्न चाललेला. हा माणूस तापानं भ्रमलाय, असं तिला वाटलं. दोरा काढून घ्यायला तिनं हात पुढं केला, तर त्यानं तोच तिच्या तळव्यावर सोडला.

दोऱ्याला एक गाठ होती.

एका हाताच्या, अर्ध्या तोंडाच्या माणसानं पाऊण तास खपून मारलेली, वेडीवाकडी एक गाठ. तो तिच्याकडे बघत होता. मग त्यानं डोळे वर केले, छतातल्या त्या तारांकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

"थांबा!" टाकेबाई अशी किंचाळली की राखणदारही धावत आला. "जोडू नका! हात काढा आधी त्यातून!"

एसीवाला दारात आला. "काय झालं?"

तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्यानं डोळे मिटले आणि उघडले. हो म्हणायची त्याची ती रीत होती.

"ह्यांना रंग दिसत नाहीत," ती म्हणाली. "लाल-हिरव्यातलं काही कळत नाही. कधीच कळत नव्हतं. तुम्ही कापलेत ना, ते दोरे होते त्यांचे रंग. एक गाठ फेज, दोन न्यूट्रल, तीन अर्थिंग. मी बघत होते तुम्ही कापलेत तेव्हा. बघत होते आणि गप्प बसले. मला लाज वाटली. मेली लाज माझी!"

एसीवाल्यानं तारा तपासायचं मीटर काढलं. केबलच्या ह्या टोकाला लावलं, त्या टोकाला लावलं, कपाळाला हात मारला. केबलच्या वाटेवरच्या कपाटामागची फळी उचकटली. आत जोड होता. इकडून आलेली केबल एक, तिकडे गेलेली दुसरी. निरनिराळ्या कामांवरून उरलेले दोन तुकडे वायरमननं इथं जोडले होते. स्वतःच्या घरात कोण तपासायला येणार, म्हणून त्यानं रंगांकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. लाल हिरवीला जोडलेली, हिरवी लालला. पण दोरे दोन्हीकडे जिथल्या तिथं होते. एका गाठीला एक गाठ, तिनाला तीन.

"सगळी वीज मी एसीच्या पत्र्यात सोडत होतो," एसीवाला म्हणाला. "खटका कमजोर नव्हता, काकू. तो वाचवत होता. वगळला असता तर जाळ झाला असता, नाहीतर अख्ख्या बसच्या पत्र्यात करंट. ह्या खाटेतसुद्धा." त्यानं जोडावरून बोट फिरवलं. "काकांचं काम चुकलेलं नाही. एक तसूभर नाही. चुकलो मी. मीटर लावायला दोन मिनिटं लागतात."

"ते मग बोला! आधी जोडा!"

छतातली दोन टोकं सोडून पुन्हा लावायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं. एसीवाल्याचे हात घामानं निसटत होते, त्याला सात लागली. त्यातल्या चौथ्या मिनिटाला वायरमनचे डोळे वर गेले. अंग ताठ झालं, जबडा आवळला, खाट खडखडायला लागली. टाकेबाईनं त्याला कुशीवर वळवलं, त्याच्यावर वाकून त्याला धरून ठेवलं. "नाही हो, नाही, आलाच वारा, आलाच. एवढं थांबा. माझं ऐका एकदा तरी." एसीवाला त्यांच्या डोक्यावर स्टुलावर उभा राहून स्क्रू पिळत होता आणि त्याच्या हनुवटीवरचा घाम दोघांच्या अंगावर पडत होता. तापमापीवर एकोणचाळीस होते. ती बघत नव्हती. ती पहिल्यांदाच बघत नव्हती.

राखणदारानं तिसऱ्यांदा खटका उचलला. डोळे मिटून उचलला म्हणे. प्लग आत गेला.

काही पडलं नाही. छतात घरघर झाली, जाळीतून आधी गरम, मग कोमट आणि मग खरोखरीचा गार वारा खाली आला. पुढचा एसीही सुरू झाला. दोन एसी, दोन केबली, आणि म्हातारा खटका जागच्या जागी.

खाट शांत झाली होती. तो निपचित पडला होता, पण श्वास चालू होता. टाकेबाईनं त्याच्या छातीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. एसीवाला दारात बसून होता, पुढच्या बोलावण्यांचे फोन वाजत होते आणि तो उचलत नव्हता. अडीचला ॲम्ब्युलन्स आली. तिच्यातल्या माणसानं नाडी बघितली, सुई टोचली आणि डॉक्टरीणबाईंशी बोलून फोन टाकेबाईकडे दिला.

"आत्ता त्यांना उन्हात हलवू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वॉर्डात पाय ठेवायला जागा नाही, तुमची खोली इथल्यापेक्षा गार आहे. मी संध्याकाळी येते. जागे झाले की एवढं बघा, ओळखतात का, आणि डावा हात चालतोय का."

पाचच्या सुमाराला त्यानं डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं. वर जाळीकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे. ओळखत होता. टाकेबाईचा जीव भांड्यात पडला.

"बघा तुमची केबल," ती म्हणाली. "पुढंमागं लागेल म्हणालात, लागली. आणि सांगून टाकलं मी सगळ्यांना, काय करायचं ते करा. त्या एसीवाल्यानं हात जोडले तुमच्या जोडाला. माहीतय? चुकीच्या रंगांना." तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मी सकाळीच तोंड उघडलं असतं तर हे काही झालं नसतं हो. बाराच्या आत वारा आला असता."

तो बघत राहिला.

तिच्या तर्जनीला तो अभ्र्याचा दोरा अजून गुंडाळलेला होता. तिनं तो सोडवला, सरळ केला आणि त्याच्या डाव्या हाताच्या बोटांत ठेवला.

"एकच गाठ मारलीत. दुसरी मारा बघू. धरा हो, सोडू नका."

दोरा बोटांतून घसरून चादरीवर पडला. तिनं उचलून पुन्हा ठेवला आणि वरून त्याची बोटं एकेक करून मिटवली. हात काढला तशी बोटं उघडली. दोरा पुन्हा पडला.

तिनं भिंतीकडे बघितलं. सव्वीस होते.